दूरचित्रवाणीचे चित्र स्वच्छ कसे दिसेल?

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड हे गाव महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे दूरवर परिचित आहे. महादेवाचे स्थान आणि दर्गा दोन्ही असलेल्या या गडावर दूरदूरचे भाविक येतात. सभोवार डोंगर, साग आणि मोहाचे जंगल, सखल भागात धानाच्या बांध्या, असा हा झाडीपट्टीचा मुलूख आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, त्यापूर्वी हा परिसर भंडारा जिल्ह्यात मोडत असे.

डोंगर आणि जंगल यांच्या सान्निध्यातील अशा गावांत दूरचित्रवाणीचे चित्र नीट दिसत नाही, ही तक्रार जुनीच आहे. छपरावर उंच बांबूला अँटेना बांधण्याच्या काळात तिचे कारण उघड होते. जमिनीवरील प्रक्षेपण मनोऱ्यापासून निघालेल्या लहरी जमिनीलगत येत आणि वाटेत डोंगर आला की अडत. आज ते दिवस सरले. जमिनीवरून होणारे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण प्रसार भारतीने अलीकडच्या वर्षांत बहुतांश ठिकाणी बंद केले असून घरोघरी तबकडी व सेट टॉप बॉक्स आले आहेत. तरीही तक्रार मात्र कायम आहे. चित्र तुटते, फिके दिसते, माणसे आडवी ताणलेली दिसतात, अक्षरे वाचता येत नाहीत. यावर अनेकदा नवा संच विकत घेण्याचा उपाय योजला जातो. नवा संच येतो, पैसे खर्च होतात, आणि दोष होता तेथेच राहतो. हे टाळावयाचे तर चित्र कोणत्या वाटेने घरात येते आणि त्या वाटेवर ते कोठे बिघडते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

प्रश्न केवळ करमणुकीचा नाही

दिनांक २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हापासून महाराष्ट्रात या माध्यमाकडे लोकशिक्षणाचे साधन म्हणून पाहिले गेले. ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमाने शेतीविषयक ज्ञान बांधावर पोहोचविले. करोनाच्या साथीत २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा तर दूरचित्रवाणी संच हाच अनेक मुलांचा वर्ग झाला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका प्रसारित झाली. केंद्र शासनाच्या पीएम ई-विद्या उपक्रमात पहिली ते बारावीसाठी ‘एक वर्ग, एक वाहिनी’ या तत्त्वावर १२ वाहिन्या सुरू करण्यात आल्या.

ज्या मुलाजवळ भ्रमणध्वनी नव्हता, अथवा ज्याच्या गावात त्याचा संपर्क मिळत नव्हता, त्याचा आधार हा पडदाच होता. गाण्याचा कार्यक्रम अस्पष्ट चित्रातही ऐकता येतो. गणिताच्या पाठात मात्र ३ आणि ८ यांतील भेद दिसला नाही, किंवा अपूर्णांकाचा छेद पडद्याच्या कडेबाहेर गेला, तर तो पाठ वाया जातो. हवामानाचा इशारा, पिकांवरील किडीची छायाचित्रे, योजनांच्या अर्जांच्या अंतिम तारखा, या साऱ्यांविषयी हेच म्हणता येईल. म्हणून शाळेतील आणि ग्रामपंचायतीतील संचाचे चित्र स्वच्छ असणे ही चैनीची बाब नव्हे.

दोष दोन प्रकारचे

जुन्या पद्धतीत संकेत दुर्बळ झाला की पडद्यावर ‘मुंग्या’ येत. संकेत जितका क्षीण, तितक्या मुंग्या अधिक. आजच्या अंकीय, म्हणजेच डिजिटल, पद्धतीत असे घडत नाही. चित्र आकड्यांच्या रूपाने येते आणि सेट टॉप बॉक्स त्या आकड्यांवरून ते पुन्हा उभे करतो. आकडे पुरेसे शुद्ध आले तर चित्र पूर्ण उमटते. एका मर्यादेपलीकडे ते अशुद्ध झाले की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, ते गोठते, आवाज तुटतो आणि अखेर पडदा काळा होतो.

यातून निदानाचा सोपा नियम मिळतो. चित्र तुटत असेल, चौकोन पडत असतील किंवा थांबून थांबून दिसत असेल, तर दोष बहुधा सेट टॉप बॉक्सच्या अलीकडे, म्हणजे तबकडी ते पेटी या वाटेत आहे. चित्र अखंड असूनही ते फिके, पुसट, ताणलेले किंवा कडा कापलेले दिसत असेल, तर दोष बहुधा पेटीच्या पलीकडे, म्हणजे पेटी ते पडदा या वाटेत आहे. पहिल्या प्रकारच्या दोषावर संचाची बटणे दाबून उपयोग नाही. दुसऱ्या प्रकारच्या दोषासाठी छपरावर चढण्याचे कारण नाही.

आकाशातून पेटीपर्यंत

दूरदर्शनची थेट घरापर्यंत पोहोचणारी विनाशुल्क सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज ती ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाते. तिचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. हा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्या परिवलनाच्याच गतीने तो फिरत असल्यामुळे आपल्याला तो आकाशात एकाच जागी स्थिर असतो.

प्रतापगडच्या परिसरातून पाहिल्यास या उपग्रहाची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडून मोजता सुमारे १४६ अंश, म्हणजे आग्नेयेपासून थोडी दक्षिणेकडे सरकलेली येते, आणि क्षितिजापासून त्याची उंची सुमारे ६१ अंश येते. साध्या होकायंत्राने ही दिशा पाहता येते. मात्र नेहमीच्या लहान तबकडीची रचना अशी असते की तिचे तोंड प्रत्यक्ष रोखापेक्षा सुमारे २५ अंशांनी खाली झुकल्यासारखे दिसते. म्हणून ती जमिनीकडे वळलेली भासली तरी ‘वर करावी’ असा मोह धरू नये. खासगी कंपन्यांच्या सेवा अन्य उपग्रहांवरून येत असल्याने त्यांच्या तबकड्यांचा रोख वेगळा असतो. शेजारच्या तबकडीकडे पाहून आपली वळविणे हा नेहमीचा प्रमाद होय.

या लहरींची लांबी अवघी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. साहजिकच तबकडी एक-दोन अंशांनी सरकली तरी संकेत लक्षणीय घटतो. वादळवारा, माकडांच्या उड्या, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, सैल झालेले बोल्ट, एवढे कारण पुरते.

तबकडी योग्य रोखली आहे किंवा नाही, हे पेटीच सांगते. रिमोटवरील ‘मेनू’ मधून संकेताची माहिती उघडली असता दोन पट्ट्या दिसतात: एक ‘स्ट्रेंथ’ची, दुसरी ‘क्वालिटी’ची. पहिली संकेताचा जोर दाखविते, दुसरी त्याची शुद्धता. महत्त्व दुसरीला द्यावे. एकाने पडद्याकडे पाहावे, दुसऱ्याने तबकडी अत्यंत हळू, बोटभर सरकवावी, प्रत्येक वेळी क्षणभर थांबावे आणि ‘क्वालिटी’ सर्वाधिक असेल तेथे बोल्ट आवळावेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्र एकदा अखंड उमटू लागल्यावर ‘क्वालिटी’ आणखी वाढविल्याने ते अधिक ठळक होत नाही. मग ती वाढवावयाची कशासाठी? पावसासाठी. या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. उघाडीत जेमतेम चालणारी तबकडी पहिल्याच सरीला हार मानते. नीट रोखलेली तबकडी मध्यम पाऊस सहज सोसते. मुसळधार पावसात मात्र कोणतीही लहान तबकडी काही मिनिटे निकामी होणारच. तो दोष नव्हे.

डोंगर आडवा येत नाही, पान आडवे येते

उपग्रह ६१ अंश उंचीवर असल्याने गडाचा डोंगर आता चित्राच्या आड येत नाही. आड येते ते अंगणातील झाड. त्याचा हिशेब सोपा आहे. तबकडीपासून १० मीटर अंतरावरील झाड तबकडीच्या पातळीपासून सुमारे १८ मीटरपर्यंत उंच असले तरी लहरी त्याच्या वरून येतात. तेच झाड ३ मीटरवर असेल तर साडेपाच मीटर उंचीलाच अडथळा सुरू होतो. प्रत्यक्षात थोडी अधिक मोकळीक ठेवणे इष्ट.

झाडीपट्टीत याला एक विशेष कारण जोडले जाते. सागाची पाने उन्हाळ्यात झडलेली असतात. एप्रिल-मे महिन्यांत तबकडी बसविली तर निष्पर्ण फांद्यांमधून संकेत व्यवस्थित येतो. पाऊस सुरू होताच त्याच फांद्यांवर सुपाएवढी पाने येतात, ती पावसाने भिजतात, आणि ओली पाने या लहरी शोषून घेतात. घरधनी म्हणतो, ‘पेटी पावसाळ्यात बिघडते.’ पेटी बिघडलेली नसते.

झाड आडवे येते की नाही, हे पाहण्याची एक निसर्गदत्त युक्ती आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास, या परिसरातून पाहता सूर्य जवळजवळ नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्या दिवसांत त्या वेळी तबकडीवर लख्ख ऊन पडले असेल तर वाट मोकळी आहे. एखाद्या फांदीची सावली पडली असेल तर तीच फांदी दोषी. ऑक्टोबरात पाने भरलेली असल्याने ही परीक्षा विशेष विश्वसनीय ठरते. सूर्याकडे थेट पाहू नये, केवळ सावली पाहावी. याच दिवसांत काही मिनिटे चित्र आपोआप तुटते, कारण सूर्याच्या स्वतःच्या लहरी उपग्रहाच्या संकेतात मिसळतात. त्यावर उपाय नाही आणि गरजही नाही. सूर्य पुढे सरकला की चित्र परत येते. अडथळा ठरणारे झाड तोडण्याचा विचारही करू नये. तबकडीच चार पावले बाजूला घेता येते.

तारेतील पाणी

तबकडीपासून पेटीपर्यंत येणारी केबल हा या वाटेतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ही केबल संकेत खाली आणते, आणि तबकडीसमोरील एलएनबी या यंत्राला पेटीकडून १३ किंवा १८ व्होल्टचा विद्युतप्रवाह वर पोहोचवितेही. तिच्या टोकांच्या जोडण्या गंजल्या, तर संकेत क्षीण होतो आणि हा दाबही कमी पडतो. काही वाहिन्या उत्तम दिसतात व काही अजिबात दिसत नाहीत, असे आढळल्यास प्रथम या जोडण्याच तपासाव्यात.

केबल अखंड असावी, मध्ये जोड देऊन टेप गुंडाळलेली नसावी. बाहेरील जोडणीवर रबरी टोपण किंवा पाणी न शिरणारी चिकटपट्टी असावी. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी तेथेच गळून पडते आणि पेटीपर्यंत येत नाही. केबल खिळ्याने ठेचू नये, तीव्र कोनात वाकवू नये.

ज्या घरी चित्र केबलचालकाकडून येते, तेथे तबकडीचा भाग चालकाच्या अखत्यारीत असतो. केबल प्रक्षेपण अंकीय करण्याच्या कार्यक्रमात ग्रामीण भागाची मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली. तेव्हापासून तेथेही सेट टॉप बॉक्स अनिवार्य आहे. अशा घरी चित्र तुटत असेल तर आपल्या भिंतीपर्यंतच्या जोडण्या तपासून मग चालकाकडे तक्रार नोंदवावी.

पेटीपासून पडद्यापर्यंत

आता दुसऱ्या प्रकारच्या दोषाकडे वळू. शुद्ध आलेला संकेत शेवटच्या दोन हातांच्या अंतरात खराब होतो, असे अनेक ठिकाणी आढळते. पेटी आणि संच पुष्कळदा पिवळ्या, पांढऱ्या व लाल पिनांच्या तारेने जोडलेले असतात. यातील पांढरी व लाल आवाजासाठी, आणि पिवळी एकटी चित्रासाठी. तिच्यातून प्रकाश आणि रंग एकत्र मिसळून जातात, संचाला ते पुन्हा वेगळे करावे लागतात आणि त्या खटाटोपात अक्षरांच्या कडा रंगीत व पुसट होतात. पेटी व संच या दोहोंना एचडीएमआयची चपटी खाच असल्यास त्या तारेनेच जोडणी करावी. तिच्यातून चित्र आकड्यांच्याच रूपात संचापर्यंत जाते. त्यानंतर संचाच्या रिमोटवरील ‘सोर्स’ हे बटण दाबून एचडीएमआय निवडावे लागते. हे न केल्याने ‘नवी तार चालत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो.

मात्र तार बदलल्याने वाहिनी बदलत नाही. साध्या वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू असतात. उच्च स्पष्टतेच्या, म्हणजे एचडी, वाहिनीच्या चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू, जवळजवळ पाचपट. साधी वाहिनी मोठ्या पडद्यावर थोडी मऊ दिसणारच. एचडी वाहिनीसाठी पेटीही एचडी असावी लागते. फ्री डिशवरील काही वाहिन्या एमपेग-४ या पद्धतीने येतात. जुन्या एमपेग-२ पेटीत त्या उमटतच नाहीत. पेटी बदलणे सार्थ ठरते ते अशा वेळी. पेटीच्या ‘मेनू’तील ‘रिझोल्यूशन’ या ठिकाणी ७२० किंवा १०८० यांपैकी जो पर्याय आपल्या संचावर अक्षरे अधिक स्पष्ट दाखवील तो ठेवावा.

चित्राच्या आकाराकडे लक्ष देणे तितकेच अगत्याचे आहे. जुने कार्यक्रम ४:३ या प्रमाणात, तर आजचे पडदे १६:९ या प्रमाणात असतात. पडदा भरून काढण्याच्या हौसेपायी चित्र आडवे ताणले जाते. याची परीक्षा राष्ट्रध्वजावरील अशोकचक्रावर करावी. ध्वजाचे स्थिर चित्र दिसत असता चक्र गोल दिसले तर प्रमाण योग्य, अंड्यासारखे दिसले तर अयोग्य. मग पेटीतील किंवा संचातील ‘अस्पेक्ट रेशो’ दुरुस्त करावा. भूमितीच्या पाठात वर्तुळाला लंबवर्तुळ पाहणाऱ्या मुलाला शिक्षकाने काय सांगावे? खालची अक्षरपट्टी कापली जात असेल तर संचाच्या चित्रविषयक यादीतून पूर्ण चित्र दाखविणारा पर्याय निवडावा.

नवा संच दुकानातील झगझगाटात उठून दिसावा म्हणून ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ या भडक अवस्थेत ठेवलेला असतो. घरी ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ ही अवस्था अधिक नैसर्गिक दिसते. निवेदकाच्या पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या दिसेनाशा झाल्या तर ‘कॉन्ट्रास्ट’ कमी करावा. काळ्या केसांतील छटा दिसेनात तर ‘ब्राइटनेस’ थोडा वाढवावा. ‘शार्पनेस’ वाढविल्याने नवे तपशील येत नाहीत, असलेले दोषच ठळक होतात. म्हणून तो मध्यम किंवा त्याहून कमी ठेवावा.

पेटीला श्वास घेऊ देणेही आवश्यक आहे. तिच्यावर भरतकामाचा रुमाल पसरला किंवा ती अन्य यंत्रावर ठेवली, तर ती तापते आणि तासाभराने चित्र गोठू लागते.

शाळेसाठी व पंचायतीसाठी

वर्गात संच खिडकीसमोर नसावा, कारण पडद्यावर प्रकाश परावर्तित झाला की सर्व खटाटोप व्यर्थ जातो. ३२ इंची संचावर साधी वाहिनी सुमारे अडीच मीटरवरून समाधानकारक दिसते. एचडी वाहिनी निम्म्या अंतरावरूनही पाहता येते. मात्र खरी कसोटी शेवटच्या ओळीतील विद्यार्थ्याची. पाठ सुरू होण्यापूर्वी त्याला पडद्यावरील ओळ मोठ्याने वाचावयास सांगावे. त्याला ती वाचता आली तर व्यवस्था योग्य, अन्यथा मुलांना पुढे बसवावे.

खर्चाचा ठराव करण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी:

१. चित्र तुटते की अखंड असूनही अस्पष्ट आहे, हे प्रथम ठरवावे.
२. तुटत असल्यास ‘क्वालिटी’ची पट्टी पाहावी, मग जोडण्या, केबल, तबकडीचा रोख आणि समोरील झाड, या क्रमाने शोध घ्यावा.
३. अस्पष्ट असल्यास जोडणीची तार, ‘सोर्स’, ‘रिझोल्यूशन’, चित्राचे प्रमाण आणि चित्राची अवस्था, या क्रमाने पाहावे.
४. एवढे करूनही दोष राहिल्यास दुसऱ्या घरातील चालू पेटी तात्पुरती जोडून पाहावी. तिनेही तोच दोष दाखविला तर आपली पेटी निर्दोष समजावी.
५. संच बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

सुरक्षिततेबाबत मात्र तडजोड नसावी. केबल काढण्या-जोडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा. विजा चमकत असताना छपरावर मुळीच जाऊ नये. वादळाची चिन्हे दिसताच पेटीची वीज बंद करून तबकडीची केबलही काढून ठेवावी. तबकडीचा लोखंडी नळ विजेच्या तारांपासून दूर असावा, आणि हे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ नये.

उपग्रहाने ३६ हजार किलोमीटरवरून पाठविलेले चित्र प्रतापगडच्या अंगणापर्यंत शुद्ध येऊन पोहोचते. उरलेल्या काही हातांच्या वाटेची निगा आपल्याकडे असते. तीत बिघाड झाला तर बहुधा एखादी जोडणी, एखादी फांदी किंवा एखादे बटण एवढेच काम असते. ते गावातल्या गावात, शिक्षकाच्या आणि पंचायत सदस्याच्या देखरेखीखाली होऊ शकते. शेवटच्या ओळीतील मुलाला पडद्यावरील ३ हा ३ च दिसला, तर तपासणीचे श्रम कारणी लागले असे समजावे.